पाडलेल्या टॉकीजचं दप्तर

आमच्या रेशनकार्डावर पत्ता आहे ‘जुन्या टॉकीजमागे’. टॉकीज पाडून बरीच वर्षं झाली. तिथे आता व्यापारी संकुल उभं आहे. खाली मोबाइलची दुकानं आणि खतं-बियाण्यांचं एक केंद्र, वर मंगल कार्यालय. तरी बाजाराच्या दिवशी खेड्यावरून आलेली माणसं रिक्षावाल्याला ‘टॉकीजपाशी सोड’ असंच सांगतात. गाव नाशिक जिल्ह्यातलं, तालुक्याचं. गावाचं आणि टॉकीजचं नाव मी लिहीत नाही, कारण मालकांच्या घरची माणसं अजून तिथेच राहतात आणि त्यांनी घेतलेल्या निर्णयाचा जाब विचारावा असं माझ्या मनात नाही. माझं दुखणं दुसरं आहे. ते टॉकीज पडलं तेव्हा त्याचे कागदही गेले, आणि ते कागद जाणं हे इमारत जाण्याहून मोठं नुकसान आहे. हे नुकसान अजून काही प्रमाणात थांबवता येईल, म्हणून हे लिहिते आहे.

नाशिकला सिनेमाच्या इतिहासाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडत, सगळ्या कंपनीच्या जेवणाखाण्याचं बघत. मुलगी मंदाकिनी पडद्यावर बाळकृष्ण झाली. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी इथेच निघाली. १६ फेब्रुवारी १९४४ ला दादासाहेब गेले तेही नाशिकलाच. पुढे गोदावरी सिनेटोन आली. तिच्या ‘सती सुलोचना’ची पटकथा वि. वा. शिरवाडकरांनी लिहिली आणि लक्ष्मणाचं कामही केलं. ज्ञानपीठ मिळण्याच्या पन्नासएक वर्षं आधीची ही गोष्ट. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेचं फाळके स्मारक आहे, शाळांच्या सहली तिथे येतात.

सिनेमा काढणाऱ्यांची आठवण अशी जपली गेली. ज्यांनी तो गावोगावी दाखवला आणि ज्यांनी तो पाहिला, त्यांच्यासाठी काय आहे, असं मी स्वतःला विचारते तेव्हा हाताशी काहीच लागत नाही. सिनेमा बघणाऱ्यावाचून पुरा होत नाही. फाळक्यांनी चित्रपट केले ते डब्यात ठेवायला केले नाहीत.

नाशिकच्या एका नाट्यगृहाचं नाव मात्र इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंदमध्ये ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन तिथे आले आणि अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. ती रात्र प्रत्येक मुलाला शिकवावी अशीच आहे. पण त्याच छताखाली त्याआधी आणि त्यानंतर किती रात्री माणसं जमली असतील, हसली असतील, पदर डोळ्यांना लावून घरी गेली असतील! त्या रात्रींबद्दल कुठे ओळ नाही. जिथे गोळी चालली तेवढीच जागा इतिहासाची, हा समज आपल्यात इतका मुरलेला आहे की टॉकीजचा इतिहास म्हटलं की लोक विचारतात, ‘का, तिथे काय झालं होतं?’ तिथे रोज तीन खेळ होत होते. तीन, सहा आणि नऊ. हे एका गावाच्या आयुष्यात पुष्कळ झालं.

आमच्या टॉकीजचे ऑपरेटर आता ऐंशीच्या पुढे आहेत. सगळं गाव त्यांना ऑपरेटरकाका म्हणतं. त्यांचं खरं आडनाव मला त्यांच्या दारावरच्या पाटीवरून कळलं. गेल्या दिवाळीत मी दोन दुपारी त्यांच्याकडे बसले. लहानपणी केबिनमध्ये कोणालाच, त्यात मुलींना तर मुळीच जाऊ देत नसत, त्यामुळे डोक्यावरून जाणारा तो धुरकट उजेड कुठून येतो हे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी समजावून सांगितलं.

ते सांगत होते ते पुरतं नवं होतं. उजेड बल्बचा नव्हता. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर आणायच्या, त्यांच्या टोकांमध्ये ठिणगी पेटवायची आणि ती ज्योत मागच्या आरशाने फिल्मवर फेकायची. कांड्या जळत जळत आखूड होतात, मधलं अंतर वाढतं, पडदा पिवळा पडायला लागतो. म्हणून हात सतत चाकावर. धूर वरच्या धुराड्यातून छताबाहेर. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं, मिनिटाला नव्वद फूट या वेगाने पळते, म्हणजे दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपणार. ते संपायच्या आत दुसरं मशीन तयार पाहिजे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. प्रेक्षकाला तो दिसतही नाही, ऑपरेटरला दुसरं काही दिसत नाही. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू, दुसऱ्या ठिपक्याला उजेड इकडून तिकडे. अडीच तासांच्या सिनेमाला साडेतेरा हजार फूट. काका म्हणाले, “अगं, मी एकही पिक्चर सलग पाहिला नाही. कायम त्या कोपऱ्याकडे नजर.”

पेटी हा त्यांच्या बोलण्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द. पेटी म्हणजे सिनेमाची प्रिंट, लोखंडी पेटीत गोल डब्यांनी भरलेली. शहरात चालून चालून झिजली की मग ती तालुक्याला यायची, एसटीच्या टपावरून. गुरुवारी संध्याकाळी गावात एकच प्रश्न असायचा, ‘पेटी आली का?’ कधी शेजारच्या गावाशी एकच पेटी वाटून घ्यायची. तिकडची पहिली रिळं संपली की मोटारसायकलवरून इकडे. पेटीबरोबर वितरकाकडून कंपनीचा माणूस यायचा. तो बुकिंगच्या खिडकीशी बसून तिकिटं मोजायचा. रात्री मॅनेजर, कंपनीचा माणूस आणि कंदील (वीज गेलेली असायची) असे बसून डीसीआर लिहीत. डीसीआर म्हणजे रोजच्या गल्ल्याचा कागद : कोणत्या वर्गाचं पहिलं तिकीट कोणत्या नंबरचं, शेवटचं कोणत्या, किती विकली, किती शुल्क सरकारचं, किती उरले.

या डीसीआरपाशी मी थांबले. कारण मला आठवलेलं टॉकीज आणि या कागदातलं टॉकीज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माझ्या आठवणी प्रेमाच्या आहेत. पडद्यावर काचेच्या स्लाइडने झळकणारी गावातल्या कापडदुकानाची जाहिरात, मध्यंतरातले खारे शेंगदाणे, ‘अमक्यांना घरून बोलावणं आलं आहे’ ही पाटी, त्यावर सगळ्यांनी मागे वळून बघणं. १९७५ साली संतोषीमातेचा सिनेमा आला तेव्हा माझ्या आजीने चपला दाराबाहेर काढल्या होत्या आणि संपल्यावर तिला त्या सापडल्या नव्हत्या. अनवाणी घरी आली, पण चेहरा फुललेला होता. हे सगळं मला प्रिय आहे, पण असं तर ज्याच्या त्याच्या मनात थोडंथोडं असतंच. डीसीआरच्या ढिगात जे होतं ते कोणाच्याच मनात नाही. १९७२ च्या दुष्काळात थर्डची तिकिटं किती घसरली? कांद्याचा भाव पडला त्या आठवड्यात बाल्कनी रिकामी राहिली का? गावात पहिला टीव्ही आल्यावर रविवारच्या सहाच्या खेळाचं काय झालं? १९८७ च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागायचं. त्या काळात सकाळचा खेळ बंद केला होता असं काका म्हणतात, पण कधी बंद केला आणि किती दिवस, हे त्यांना आठवत नाही. कागदाला आठवलं असतं. आपण शेतीचे, पावसाचे आकडे जपतो. माणसांनी चैनीसाठी, आनंदासाठी, कधी नुसतं चार घटका दुःख विसरायला खिशातून किती काढले, याचा रोजचा हिशेब गावातल्या दुसऱ्या कोणत्याच जागेत मांडला जात नव्हता.

मालकांकडचे कागद टॉकीजबरोबर रद्दीत गेले. किलोच्या भावाने. त्यांना दोष देता येत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की याला काही किंमत आहे.

पण एक दप्तर अजून शिल्लक असायला हवं, आणि ते सरकारचं आहे. सिनेमाच्या तिकिटावर करमणूक शुल्क घेणारा मुंबईचा कायदा १९२३ चा. सिनेमागृहांना परवाना देणारा कायदा १९५३ चा, त्याखालचे महाराष्ट्राचे नियम १९६६ चे. जिल्ह्यात परवाना देणारा अधिकारी कलेक्टर. म्हणजे तालुक्याच्या कुठल्याही टॉकीजची फाइल जिल्ह्याच्या ठिकाणी तयार झालेली असणार : इमारतीचा नकाशा, खुर्च्यांची संख्या, बाहेर पडायचे दरवाजे, केबिनच्या खिडक्यांवरच्या आगीच्या झडपा, वीज निरीक्षकाचा दाखला, दर नूतनीकरणाचा शेरा. शुल्काचा भरणा वेगळा. पहिल्या प्रेक्षकापासून शेवटच्या प्रेक्षकापर्यंत प्रत्येकाच्या तिकिटातला वाटा सरकारने घेतला आहे. आजीच्या त्या तिकिटातलाही. तो घेताना केलेली नोंद ही आता त्या प्रेक्षकांची एकमेव नोंद आहे.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्याचं करमणूक शुल्क त्यात विरलं. कर गेला की कराची शाखा आक्रसते, आणि शाखेचं काम संपलं की तिच्या कपाटांची जागा दुसऱ्या कामाला लागते. सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, बाकीच्यांची मुदत भरली की यादी करून नष्ट करायचे. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. नियम पाळणारा प्रामाणिक कारकूनच ते करेल. म्हणूनच घाई आहे. बंद झालेल्या आणि चालू असलेल्या सगळ्या सिनेमागृहांच्या परवाना-फायली आणि शुल्काची नोंदपुस्तकं अ वर्गात घ्यावीत, एवढा एक आदेश हवा. त्याला पैसा लागत नाही, सही लागते.

आपण एकदा उशीर केलेला आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती, आज पहिलं आणि शेवटचं एवढंच पाहायला मिळतं, आणि तीही मूळची की फाळक्यांनी नंतर पुन्हा केलेल्या प्रतीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघालं, म्हणजे ‘हरिश्चंद्र’नंतर एक्कावन्न वर्षांनी, तोवर आपले बहुतेक मूकपट जळून, कुजून गेले होते. फिल्मचं जे झालं तेच आता ती दाखवणाऱ्या घरांचं होत आहे.

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला सौम्य आहे : टॉकीज ही खाजगी मालमत्ता, चालेना म्हणून बंद झाली, त्यात सार्वजनिक काय? मालकाचा विकण्याचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. तोट्यातलं टॉकीज जबरदस्तीने चालू ठेवायला लावणं अन्याय आहे. या मालकांवर आधी व्हिडिओ आला, मग केबल आली. शहरात मल्टिप्लेक्स आणायची म्हणून सरकारने त्यांना काही वर्षं करमणूक शुल्कात मोठी सवलत दिली, त्याच वेळी तालुक्याचं एकपडदा टॉकीज आपलं शुल्क भरत होतं. शेवटी फिल्मच बंद झाली, पेटीची जागा उपग्रहाने घेतली आणि नवं डिजिटल मशीन गावच्या गल्ल्यातून फिटणारं नव्हतं. टॉकीज चालेना हे खरं, पण न चालण्यात सार्वजनिक धोरणाचा हातभार होता हेही तितकंच खरं आहे. शिवाय या पडद्यावर नुसती खाजगी करमणूक चालत नव्हती. मुख्य सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र दाखवणं परवान्याच्या अटीतच होतं. धरणं, युद्ध, पंतप्रधान हे आमच्या गावाने पहिल्यांदा हलताना पाहिले ते तिथे. सरकारला जेव्हा गावाशी बोलायचं होतं तेव्हा ती जागा सार्वजनिकच होती.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो माझ्या जवळच्या माणसांनी घेतला. ते म्हणतात, तुम्ही टॉकीजच्या आठवणी काढता त्या बाल्कनीतल्या असतात. हे बरोबर आहे. आमच्याकडे बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी होती, म्हणून आई-आजी जाऊ शकत होत्या. पण नऊच्या खेळाला घरातल्या पुरुषाशिवाय जाणारी बाई मी पाहिली नाही. आणि जातीचं काय? याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षं चालूनही दार उघडलं नाही. ज्या जिल्ह्यात देवाच्या दारात माणूस अडवला जात होता, तिथे तिकिटाच्या खिडकीवर पैसे ठेवले की आत जाता येत असे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तिकिटावर वर्ग छापलेला होता, जात नव्हती. पण आत अंधार होण्याआधी, उजेडात, कोण कोणाशेजारी बसत होतं? कोणाला कोणी उठवलं का? थर्डच्या बाकांवर कोणत्या वस्तीची माणसं होती आणि त्यांतल्या कोणी पुढे फर्स्टचं तिकीट काढलं तेव्हा काय घडलं? माझ्या आठवणीला ही उत्तरं देता येत नाहीत, कारण मी ज्या खुर्चीत बसले होते तिथून ते दिसत नव्हतं. म्हणून तर टॉकीजचा इतिहास माझ्यासारख्यांच्या हळव्या लेखांवर सोडून चालणार नाही. थर्डमध्ये बसलेल्यांना, डोअरकीपरला, पोस्टरची हातगाडी ढकलणाऱ्याला, ब्लॅकने तिकिटं विकणाऱ्याला विचारावं लागेल, आणि ती पिढी झपाट्याने जात आहे.

हे काम कोणी करायचं? नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. ‘गांवकरी’सारखं दैनिक इथलं, त्याच घरातून निघालेलं ‘रसरंग’ सिनेमाचं साप्ताहिकही इथलं. जुन्या अंकांत ‘आजपासून’ म्हणून छापलेल्या जाहिराती एकामागून एक लावल्या तर शहरातल्या सर्कल, मधुकर, हेमलता, दामोदर, चित्रमंदिरात काय लागत होतं याचा मोठा भाग उभा राहील. नाशिकरोडच्या रेजिमेंटल आणि अनुराधाचाही. तालुक्यांच्या टॉकीजची जाहिरात मात्र क्वचितच दैनिकात यायची. ती भोंगा लावलेल्या टांग्यावर व्हायची. म्हणून लहान गावांसाठी सरकारी फायली आणि माणसांचं बोलणं याशिवाय तिसरा आधार नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत दर वर्षी विद्यार्थी प्रकल्प करतात. एका वर्षी एका तालुक्याचं टॉकीज, हा विषय मराठीला चालेल, इतिहासाला चालेल, अर्थशास्त्राला तर नक्की चालेल. आणि जी टॉकीज अजून उभी आहेत पण कुलूप लागलेली आहेत, ती पाडायची परवानगी देताना नगरपालिकेने दोन गोष्टी मागाव्यात : आतून-बाहेरून छायाचित्रं आणि केबिनसकट मोजमापाचा नकाशा. मालकाचा एक दिवस जाईल. जागा त्याचीच राहील, पैसाही त्याचाच.

फाळके स्मारकात या सगळ्यासाठी एक खोली मिळावी असं मला फार वाटतं. कार्बनच्या कांड्या, लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या, हाउसफुल्लची पाटी, एखादं जुनं मशीन, आणि भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, त्यात टॉकीज असलेलं प्रत्येक गाव. इगतपुरी, सिन्नर, येवला, मनमाड, मालेगावचं मूल सहलीला आलं तर त्याला तिथे आपलं गाव सापडलं पाहिजे.

दुसऱ्या दुपारी निघताना काकांनी माळ्यावरून एक वही काढायला नातवाला सांगितलं. लांबट, हिशेबाची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. टॉकीजची नव्हे, त्यांची स्वतःची. पेटी आली की ते ती उघडून तपासायचे आणि परत पाठवताना फिल्म फाटल्याचा आळ आपल्यावर येऊ नये म्हणून लिहून ठेवायचे : आली तेव्हा किती फूट, किती जोड, कुठे ओरखडे. सिनेमा चांगला की वाईट याबद्दल त्यात एक शब्द नाही. मी त्यातल्या पानांचे फोटो काढले, वही मात्र त्यांच्याकडेच ठेवली. ती कुठे द्यावी हे त्यांना सांगता येईल अशी जागा अजून माझ्या माहितीत नाही. एका पावसाळ्यातली नोंद पेन्सिलीने लिहिलेली आहे आणि बोटाने पुसटही झाली आहे. ती अशी : ‘पेटी रात्री आठला. डबे ओले. तिसरे रीळ उन्हाळ्याचे वाळलेले, नऊ जोड घातले. पब्लिक बसून होते. खेळ पावणेदहाला लावला. पूर्ण केला.’